तापाला टाळ्या मिळत नाहीत

गुप्ते सर गेल्याचं मला कळलं तेव्हा मी मोखाड्याच्या आठवडी बाजारात खोडाळ्याकडच्या एका बांबूवाल्याशी भांडत होते. ओला बांबू सुक्याच्या भावात माझ्या गळ्यात मारायचा त्याचा बेत होता आणि मी एकेक बांबू उचलून, नखानं साल खरवडून त्याच्या नाकाखाली धरत होते. तेवढ्यात फोन वाजला. सरांचा मुलगा श्रीकांत. तो ठाण्याला असतो. "मंजुळाताई, बाबा गेले. आज पहाटे." मी विचारलं, "जव्हारलाच?" तो म्हणाला, "हो, घरीच." मी "बरं" म्हटलं आणि फोन पिशवीत टाकला. बांबूवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. "कोण गेलं, ताई?" "माझे मास्तर." "अरेरे... मग आज तरी भाव पाडू नका." "पाडायला त्यांनीच शिकवलंय," मी म्हटलं आणि पुढचा बांबू उचलला. सौदा माझ्या भावात झाला. टेम्पो भरून होईपर्यंत मी तिथून हलले नाही. जव्हारला पोचले तेव्हा सरांना नेलेलं होतं, अंगण धुऊन झालं होतं, आणि नाक्यावर त्यांचा कोट घातलेला फोटो असलेला बॅनर बांधायला दोन पोरं खांबावर चढली होती.

मी रडले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेले काही आठवडे जव्हारमध्ये जो भेटतो तो माझं सांत्वन करतो. "तुमचे तर ते वडीलच होते," असं म्हणतात. माझे वडील वेगळे होते. सूर्यमाळजवळच्या आमच्या पाड्यावर ते डोंगरउतारावर नागली पेरायचे आणि पीक निघालं की वीटभट्टीवर जायचे. त्यांनी मला फार काही दिलं नाही, पण माझं काही घेतलंही नाही. सरांनी मला पुष्कळ दिलं. जे घेतलं त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

सर तरुणपणी मुंबईत माल परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत साहेबाची पत्रं लिहायचे. कंपनी बंद पडली तसे ते जव्हारला आपल्या घरी परतले आणि बाजारपेठेतल्या एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांनी इंग्रजीचा वर्ग काढला. फक्त पत्रलेखनाचा. "बोलायचं इंग्रजी कुठंही शिका," म्हणायचे. "बोलताना चुकलात तर हवेत विरून जातं. कागदावर चुकलात तर फायलीत राहतं." बारावी झाल्यावर मी वसतिगृहात राहून नोकरी शोधत होते. इंग्रजीत अर्ज करता आला तर कुठंतरी चिकटता येईल, एवढ्याच आशेनं मी तो जिना चढले. वर्गात बहुतेक जव्हारची मुलं होती. कुणाचा बाप कचेरीत, कुणाचं बाजारात दुकान. पाड्यावरून आलेली मी एकटी.

त्यांची शिकवायची रीत मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. आठवडाभर शब्द पाठ करायचे. विथ रेफरन्स टू, काइंडली, अ‍ॅट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स. आणि गुरुवारी दुपारी प्रत्येकानं आपलं पत्र घेऊन दारात यायचं, जसं काही ते टपालानंच आलं आहे. आत टेबलामागं सर बसलेले. ते म्हणजे साहेब. त्यांनी "येस?" म्हटलं की पत्र मोठ्यानं वाचायचं. पसंत पडलं तर ते "प्रोसीड" म्हणायचे. नाही पडलं तर हात पुढं करायचे, कागद घ्यायचे आणि शेजारच्या खिडकीतून खाली रस्त्यावर सोडून द्यायचे. वर म्हणायचे, "रिटर्न टू सेंडर!" मग आपण जिना उतरायचा, भर बाजारात आपला कागद शोधायचा आणि पुन्हा वर यायचं. बाजाराला गुरुवार पाठ झाला होता. भजीवाला कढईतून मान वर न करता सांगायचा, "हातगाडीखाली बघ, तुझं तिकडं उडालं." एकदा एका शेळीनं माझं अर्धं पत्र खाल्लं. मी तसंच फाटकं घेऊन वर गेले तर सर म्हणाले, "शेळीला आवडलेलं दिसतंय. पहिलंच गिऱ्हाईक." वर्ग हसला. त्या हसण्यात मीही थोडी हसले होते, अजून रागवायला शिकले नव्हते.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या पहिल्या पत्राचं. त्यासाठी आमच्याकडचा कागद म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या माणसांना एकच कागद ठाऊक, अर्ज. मोखाड्याला तहसील कचेरीबाहेर झाडाखाली एक अर्जवाला बसायचा. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. "मी अर्जदार अत्यंत गरीब, अडाणी व निराधार असून..." ज्याला सही करता येत नव्हती त्यालाही हे वाक्य तोंडपाठ होतं. मोठा माणूस समोर आला की आमची माणसं नमस्काराच्या आधी ते म्हणायची. दुःख जितकं जास्त तितका अर्ज भक्कम, अशी समजूत. घरात कुणी दगावलेलं असलं तर अर्जवाल्याचा चेहरा खुलायचा. "हे वर घेऊ," म्हणायचा. तेव्हा सरांनी मालाच्या रवानगीवर देखरेख करणाऱ्या कारकुनाच्या जागेसाठी पत्र लिहायला सांगितलं, तर मी तेच केलं. शब्दकोश घेऊन बसले आणि आमचा अर्ज इंग्रजीत उतरवला. आय बेग टू स्टेट. मी गरीब. बाप वीटभट्टीवर. आणि अर्जवाल्यासारखं, जे सगळ्यात जड होतं ते वर घेतलं. माय सिस्टर भागी इज डेड.

भागी माझ्या पाठची. अजून शाळेतही जात नव्हती. पावसाळ्यात तिला ताप आला, मग जुलाब लागले. पाड्यापर्यंत गाडी येत नव्हती. बापानं आणि चुलत्यानं लुगड्याची झोळी करून ती बांबूला टांगली, खांद्यावर घेतली आणि मोखाड्याच्या दवाखान्याची वाट धरली. आई मागून चालत होती. निम्म्या वाटेवर आईनं झोळीत हात घातला आणि त्यांना थांबायला सांगितलं... एवढंच. त्यापलीकडं सांगण्यासारखं काही नाही. झोळी घेऊन तिघं परत आले.

हे मी दारात उभी राहून इंग्रजीत वाचलं. सगळे ऐकत होते. सरांनी शेवटपर्यंत वाचू दिलं, आणि मग शांतपणे विचारलं, "मंजुळा, तू नोकरी मागते आहेस की बहिणीच्या मढ्यावर उभी राहून हात पसरते आहेस?" मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी हात पुढं केला. बाहेर पाऊस होता. मी खाली जाईपर्यंत कागद गटाराच्या कडेला लागला होता आणि भागीचं नाव निळं होऊन पसरलं होतं. भजीवाल्यानं तो उचलून झटकला आणि माझ्या हातात दिला.

मी वर आले ते ओल्या कागदाचा बोळा मुठीत घेऊन. "सर, यात खोटं काय आहे?" माझा आवाज चढला होता. ते म्हणाले, "काहीच खोटं नाही. म्हणून तर लिहायचं नाही. आपलं खरं दुःख साहेबाला फुकट द्यायचं नसतं. तो 'सो सॅड' म्हणतो आणि जागा दुसऱ्याला देतो." मग ते उठले आणि फळ्यावर लिहिलं, इन स्पाइट ऑफ. अमुक असूनही. त्याच्यापुढं अडचण, एका श्वासात मावेल तेवढीच. आणि लगेच मॅनेज्ड टू, नाहीतर सक्सीडेड इन. जमवलं, पार पाडलं. "अडचण म्हणजे चपला," ते म्हणाले. "दाराशी काढायच्या. घालून आत यायचं नाही. दिसल्या पाहिजेत, पण दाराशी."

त्यांची सगळी वाक्यं बंदरावरची होती. गोदीतल्या संपातूनही आम्ही माल जहाजावर चढवला. वादळ असूनही जहाज सुटलं. आम्ही जहाज पाहिलेलं नव्हतं, मी तर समुद्रही नाही. मी माझं वाक्य केलं. ओढ्याला पूर असूनही मी वर्गाला आले. इन स्पाइट ऑफ द फ्लडेड स्ट्रीम, आय मॅनेज्ड टू अटेंड द क्लास. ते ऐकून सरांनी पहिल्यांदा मला "प्रोसीड" म्हटलं. लगेच पुढं, "आता हेच, तोंडात नागलीची भाकर नसल्यासारखं वाच." माझे उच्चार, माझ्या बोलण्यातला पाड्याचा हेल, माझी चप्पल, माझी वेणी, काहीही त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. "सूर्यमाळच्या महाराणी" असं म्हणायचे मला. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "नको जाऊ. कागद त्यांचा, शाई त्यांची. आपला काय आहा त्यात?" मी गेले. रागानं गेले. मला वाटतं, माझ्या आयुष्यात जे काही झालं त्यातलं बरंचसं मी रागानंच केलं आहे.

कारकुनाची नोकरी मला मिळालीच नाही. मग मी पाड्यांवरच्या बायकांकडून टोपल्या, सुपं, बांबूचे कंदील घेऊन नाशिक-ठाण्याच्या दुकानांत विकायला लागले. जिथं जिथं दुकानदार "काय करणार, तुमच्याकडं रस्ते नाहीत, पाऊस फार, माल उशिरा येतो" असं म्हणत भाव पाडायला बघे, तिथं मी रस्त्याची आणि पावसाची गोष्ट त्याच्या आधी, अर्ध्या वाक्यात उरकून टाकायची आणि पुढं मालाबद्दल बोलायची. समोरच्याकडं दया करायला जागाच उरत नाही. दया आली की भाव पडतो, हे मला त्या माडीवर कळलं. काही वर्षांनी जर्मनीतल्या एका दुकानाशी पत्रव्यवहार सुरू झाला. आमच्याकडं सलग पाऊस, बांबू वाळेना, मालाला उशीर झाला. त्यांनी भाव कमी करण्याबद्दल लिहिलं. मी उत्तर लिहिलं. मुसळधार पाऊस असूनही आपली ऑर्डर पूर्ण करण्यात आम्ही यशस्वी झालो आहोत, माल अमुक दिवशी निघेल, भाव ठरल्याप्रमाणे. माफी नाही, रडगाणं नाही. त्यांनी ठरलेला भाव दिला.

त्या पत्राची प्रत आणि पेढे घेऊन मी सरांकडं गेले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीत एक शब्द जास्त आहे म्हणाले. मग चष्मा काढून, माझ्याकडं न बघता "प्रोसीड" म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. बाकीचं सगळं, ती खिडकी, ते गटार, महाराणी, त्या दिवशी मी सोडून दिलं. हे मुद्दाम लिहिते, कारण माझा राग त्याचा नाही. माझा राग पुढच्याचा आहे.

पुढं सरांना एक पुरस्कार मिळाला. ठाण्याकडच्या एका मंडळाचा, डोंगरातल्या मुलांना इंग्रजी शिकवल्याबद्दल. कार्यक्रम जव्हारलाच होता. मला व्यासपीठावर बोलावलं होतं. मी आईला नवं लुगडं घेतलं, जीपनं सूर्यमाळहून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. पाड्यावरच्या चार बायका हौसेनं बरोबर आल्या. शाल झाली, नारळ झाला, आणि सर भाषणाला उभे राहिले. मराठीत. म्हणाले, "ही मंजुळा. कुपोषणाच्या डोंगरातली पोर. हिची धाकटी बहीण आईच्या मांडीवर भुकेनं तडफडून मेली. त्या घरातून ही मुलगी माझ्या दाराशी आली..." मी ऐकत होते. माझ्या हातात नारळ होता. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या, आणि बराच वेळ थांबल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या पाहुण्या बाईंनी डोळे टिपले. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत आई होती. आईला शहरातली मराठी सगळी कळत नाही. "भुकेनं" कळलं.

परतीच्या वाटेवर जीप घाट चढून आली. मग आई खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "पेज खाल्लीती तिनं. त्या सकाळी. वाटी चाटलीती." मी म्हटलं, "मला माहीत आहे, आये." ती म्हणाली, "तुला माहीत आहा. त्याला कुनी सांगितला?" बरोबरच्या बायका ऐकत होत्या. आठवड्याभरात विहिरीवर एकीनं आईला विचारलंच, "तुझी पोर भुकेनं मेली म्हनं? आमच्या घरात दाना होता ना. मागायचा होता." आई हंडा तसाच टाकून घरी आली. त्यानंतर किती तरी दिवस ती पाण्याला जायची ते भर दुपारी, जेव्हा विहिरीवर कुणी नसतं.

मी दुसऱ्याच दिवशी माडीवर गेले. वर्ग चालू होता. मी दारातूनच ओरडले. काय ओरडले ते इथं छापता येणार नाही. सर खुर्चीतून उठले नाहीत. "मंजुळा, आपण नंतर बोलू," असं इंग्रजीत म्हणाले, आणि नवी मुलं माझ्याकडं अशी बघत होती, जणू सरांनी सांगितलेली ती गोष्ट आपल्या पायांनी चालत आली आहे. मी जिना उतरले आणि बोलणं टाकलं. पण ते वाक्य थांबलं नाही. वर्तमानपत्रात आलं, वर्गाच्या जाहिरातीत आलं, कुठल्याही कार्यक्रमात माझी ओळख करून देताना आलं. एका दुकानदारानं विचारलं, टोपलीला जी चिठ्ठी लावतो तिच्यावर ही गोष्ट छापू का, माल लवकर उठेल. त्या दुकानाला मी माल देणं बंद केलं.

सर अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी गेले. बघायला नाही, भांडायला. माणूस गेल्यावर कुणाशी भांडणार? सरांच्या पत्नी, काकू, आधीच गेलेल्या. घरात एक कामाची बाई आणि सर. डावं अंग लुळं पडलेलं, तोंड थोडं वाकडं झालेलं, पण बोलणं स्पष्ट. मला बघून म्हणाले, "महाराणी आल्या. उशीर केलात." मी बसले नाही. म्हटलं, "सर, भागी तापानं गेली. तुम्हाला माहीत होतं. मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं."

"हो. तुझं पहिलं पत्र. अगदी वाईट होतं."

"मग भुकेनं का म्हणालात?"

त्यांनी नजर छताकडं वळवली. मग म्हणाले, "तापाला टाळ्या मिळत नाहीत, मंजुळा."

मी म्हटलं, "मला म्हणाला होतात, बहिणीच्या मढ्यावर उभी राहतेस. तुम्ही काय केलंत?"

"उभा राहिलो. उंच दिसलो की नाही?" आणि ते हसले. अर्ध्याच तोंडानं. "तुझ्याकडं विकायला टोपल्या आहेत. माझ्याकडं काय होतं? साहेबाची पत्रं लिहिली, खाली नाव साहेबाचं. जन्मात एकच गोष्ट जमली, तू. मग तीच विकली."

"माल माझा होता. मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर दिला असतास?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

माझ्यासमोर आजवर पुष्कळ पक्के व्यापारी बसले आहेत. असं उत्तर मला कुणी दिलं नाही. मी म्हटलं, "माझी आई जिवंत आहे. ती विहिरीवर जायला लाजते. एकदा सगळ्यांसमोर सांगा, ते खोटं होतं." ते म्हणाले, "आता कुणासमोर सांगू? या बाईसमोर?" कामाची बाई दारात भाजी निवडत होती. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता काही म्हणतील. ते म्हणाले, "पाणी दे." मी दिलं. मान धरून पाजलं. भांडण मिटलं म्हणून नव्हे, त्यांना तहान लागली होती म्हणून. निम्मं पाणी हनुवटीवरून ओघळलं. मी ते पुसलं नाही. निघताना मागून आवाज आला, "जीप मिळेल ना?" मी चपला घालून बाहेर पडले. ती आमची शेवटची भेट.

ते गेल्यावर मला वाटलं होतं, आता ते वाक्यही जाईल. तेरावं झालं आणि श्रीकांतनं मोबाइलवर एक आवाहन पाठवलं, मला आणि जव्हार-मोखाड्यातल्या सगळ्यांना. माडीवर सरांच्या नावानं अभ्यासिका करायची आहे, मदत करा. सरांचा फोटो, खाली मजकूर, आणि मजकुराच्या मधोमध ते वाक्य. आमच्या पाड्यावर आता जवळजवळ घरटी मोबाइल आहे. शेजारच्या पोरीनं ते आईला वाचून दाखवलं. तिला वाटलं, म्हातारीला आनंद होईल, आपल्या घराचं नाव आलंय. आईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. मला फोन करून एवढंच म्हणाली, "तो मेला ना? मग आता कोन बोलतो?"

मी दुसऱ्या दिवशी जव्हारला गेले. श्रीकांत माडीवर होता. बाकं एका बाजूला रचलेली, फळा भिंतीवरून उतरवलेला. खोली इतकी लहान होती हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. सरांची खुर्ची मात्र जागेवर होती. मी कशाला विचारू, जाऊन बसले. श्रीकांत जरा चमकला. तो दाराशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं आपलं काम सांगितलं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत सरांवर लेख छापून येणार आहे, तो मी लिहावा. "तुमच्याइतकं कुणी लिहू शकणार नाही, ताई. तुम्ही लिहिलंत की अभ्यासिकेचं कामही पुढं सरकेल."

"लिहिते," मी म्हटलं. "आवाहनातली ती ओळ काढ."

"कुठली?"

"तुला कळली आहे कुठली."

तो म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण लोक त्या ओळीवरच थांबतात. ती काढली तर उरतं काय? एका म्हाताऱ्या मास्तरांचा पत्रलेखनाचा वर्ग."

"भागी तापानं गेली. भुकेनं नाही."

"मग 'आजारानं' करू का? 'आजारानं तडफडून'?"

"काढ."

मी त्याच्या चेहऱ्याकडं बघायला लागले आणि मला चेहरा दिसेना. त्याच्या मागं जिन्यावरचा उजेड होता. त्या खुर्चीतून दारातला माणूस म्हणजे नुसती काळी आकृती दिसते. नाक नाही, डोळे नाहीत. इतकी वर्षं मी समजत होते की माझं तोंड बघून, अगदी बघूनच, सरांनी तो कागद बाहेर टाकला. त्यांना तर आम्ही कुणीच दिसत नव्हतो. नुसता आवाज यायचा... हे कळून मला बरं वाटलं की जास्त राग आला, ते अजून ठरवता येत नाही. सौद्यात समोरच्याचं तोंड दिसलंच पाहिजे. मी श्रीकांतला म्हटलं, "तिथं नको. आत ये. इकडं उजेडात ये आणि बोल."

तो आत आला. बापासारखाच आहे, फक्त डोळे आईचे. म्हणाला, "लेख चांगला लिहाल ना?"

"चांगला लिहीन."

"कटू काही..."

"चांगला लिहीन म्हटलं."

"बरं. काढतो."

"कधी?"

"ठाण्याला गेलो की, कॉम्प्युटरवर..."

"आत्ता."

त्यानं खिशातून मोबाइल काढला. बराच वेळ अंगठा फिरवत राहिला. ज्यांना ज्यांना आधीचं गेलं होतं, त्या सगळ्यांना मी त्याला नवं पाठवायला लावलं. तो "झालं, ताई" म्हणाला तेव्हा मी म्हटलं, "वाच. पहिल्यापासून."

त्यानं उभ्यानं वाचलं. सरांचं नाव, त्यांची नोकरी, जव्हारला परत येणं, ही माडी. मग माझं नाव, सूर्यमाळची मंजुळा, आणि लगेच, त्यांच्या वर्गात इंग्रजी पत्रलेखन शिकली. दोन्ही वाक्यं एकमेकांना नीट चिकटली होती. मध्ये एक बहीण होती, असं कुठं दिसत नव्हतं. "बरोबर आहे?" श्रीकांतनं विचारलं. मी त्याला तेवढाच भाग पुन्हा वाचायला सांगितला. त्यानं वाचला. तेवढंच होतं. मग मी "बरोबर आहे" म्हटलं आणि सरांच्या खुर्चीतून उठले.